पिल्लू आणलं की आठ-दहा दिवसांत मरतं: आमच्या घरी काय चुकत होतं

आमच्या घरी अडीच वर्षांत कुत्र्याची तीन पिल्लं मेली. पहिलं आणल्यापासून नवव्या दिवशी, दुसरं सातव्या दिवशी आणि तिसरं इंजेक्शन देऊनही सहाव्या दिवशी. तिघांचंही सारखंच झालं. काल ओसरीभर हुंदडणारं पिल्लू सकाळी भिंतीच्या कोपऱ्यात तोंड घालून बसलेलं. दुपारी पिवळट फेस ओकायला लागलं. रात्रीपासून पातळ हगवण, तिच्यात रक्त, आणि वास असा की अख्ख्या घराला ओकारी यावी. दोन दिवसांत डोळे खोल गेले आणि संपलं.

तिसरं पिल्लू पुरून आलो त्या संध्याकाळी आजी म्हणाली, "आपल्या घराले कुत्रं लाभतच नाही बा. आता आनू नको." शेजारच्या काकाजींचं म्हणणं, नजर लागते, काळा दोरा बांधायला पाहिजे होता. हे "लाभत नाही" मी नंतर आमच्या पंचक्रोशीत कितीतरी घरी ऐकलं. वावरात राखणीला कुत्रं हवं असतं, पोरं हट्ट धरतात, दिवाळीनंतर गावात गल्लोगल्ली पिल्लं झालेली असतात, म्हणून दरवर्षी एक आणलं जातं आणि दरवर्षी एक जातं. ज्यांच्या घरी हे पुन्हा पुन्हा होतंय त्यांच्यासाठी लिहितो आहे. आमच्याकडचं चौथं पिल्लू जगलं. आता ते तीन वर्षांचं कुत्रं आहे, वाघ्या.

आधी दिवस मोजा

तिसऱ्या पिल्लाच्या वेळी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आणल्यापासून कितव्या दिवशी खाणं सोडलं?" मला सांगता येईना. मग बाजाराच्या दिवसावरून हिशेब लावला. शनिवारच्या बाजारातून येताना आणलं होतं, आणि आज कापूस वेचायला बाया आल्या तो बुधवार. म्हणजे चौथा दिवस. आधीची दोन? पहिलं सातव्या दिवशी मलूल झालं होतं, दुसरं पाचव्या. डॉक्टरांनी मान हलवली. निम्मं निदान त्या आकड्यांतच होतं.

पिल्लू आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच गळून गेलं, अंग थंड पडलं, कण्हत राहिलं, तर बहुतेक वेळा ते फार लवकर आईपासून तोडलेलं असतं. थंडी आणि भूक त्याला पेलत नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली, तर ते रोग तिकडूनच घेऊन आलं. चार ते दहा दिवसांच्या मध्ये सुरू झाली, तर संशय तुमच्या स्वतःच्या घरावर घ्या. हा रोग अंगात शिरल्यापासून दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे ते निरोगी आलं आणि तुमच्या अंगणात आजारी पडलं. आणि पंधरा-वीस दिवस बरं राहून हळूहळू वाळत गेलं, पोट तेवढं नगाऱ्यासारखं, केस राठ, तर जंत. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर जंतांसोबत गोचीडही बघा.

आमची तिन्ही पिल्लं चार ते सात दिवसांतली. हा पार्व्हो. कुत्र्यांच्या आतड्यांचा हा विषाणू 1978 साली पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांना तो सगळ्यात जास्त धरतो. माणसाला किंवा ढोरांना तो होत नाही, त्यामुळे घरातल्या पोरांसाठी घाबरू नका. पण उपचार झाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात, हे खरं.

तेच टोपलं, तीच जागा

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न मला आजही आठवतो. "तिन्ही पिल्लं बांधली कुठं होती?"

न्हाणीच्या मागं, पाण्याच्या हौदाला लागून. तिथं सावली असते, गारवा असतो, ढोरांचा पाय पडत नाही. टोपलं तेच, तुरीच्या काड्यांचं. खाली टाकलेलं ढेपेचं पोतंही तेच, फक्त धुऊन वाळवलेलं. पाण्याची जर्मनची वाटी तीच. पहिलं पिल्लू मेल्यावर आईनं ती जागा खराट्यानं झाडली, फिनाईल टाकलं आणि शेणानं सारवून घेतली. स्वच्छ दिसत होतं सगळं. त्या स्वच्छ जागेत आम्ही पुढची दोन पिल्लं नेऊन ठेवली.

पार्व्होचा विषाणू फिनाईलनं मरत नाही. शेणानं सारवल्यानंही मरत नाही. साबणाच्या पाण्यानं घाण निघते, पण तो उरतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो कोट्यवधींनी बाहेर पडतो आणि सावलीतल्या ओलसर मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही, तग धरून राहतो. दिसत नाही, वास येत नाही. पिल्लू मातीत नाक घालतं, पाय चाटतं, आणि तेवढं पुरतं. चपलेच्या तळव्याला लागून, सायकलच्या चाकाला लागून तो एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातो. गावातली मोठी कुत्री लहानपणी त्यातून वाचलेली असतात, त्यांना काही होत नाही, पण त्यांच्या पायांना लागून तो तुमच्या दारात येऊ शकतो.

म्हणून घर "लाभत नाही" असं वाटतं. पहिलं पिल्लू गेलं की ते घर पुढच्या पिल्लासाठी खरोखरच वाईट होऊन बसतं. आजीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, हे मला तिच्या बाजूनं सांगायचं आहे. तिनं तीन वेळा पाहिलं आणि बोलली. कारण तेवढं डोळ्यांना दिसणारं नव्हतं.

जागा कशी साफ करायची

याला मारणारी सगळ्यात सोपी वस्तू ग्रामपंचायतीत पोत्यानं पडलेली असते: पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. किराणा दुकानातही मिळते. ताजी, बंद पाकिटातली घ्या. उघड्या पोत्यातली महिनोन्‌महिने पडून असेल तर तिचा क्लोरीन उडून गेलेला असतो आणि हाती नुसता चुना उरतो. नाक जवळ नेल्यावर झणका आला पाहिजे.

दहा लिटरच्या बादलीत साधारण 60 ग्रॅम पावडर. ती आधी मगभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी बादलीत घ्या. त्याआधी फरशी किंवा सिमेंटची जागा साबणानं घासून धुऊन घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण शेण, माती, विष्ठा यांच्यावर पडलं की क्लोरीन तिथंच खर्ची पडतो आणि विषाणूपर्यंत पोचतच नाही. मग ते पाणी ओता आणि जागा कमीत कमी दहा मिनिटं ओली राहू द्या. वाट्या, साखळी, प्लास्टिकचा टब, चपला यांनाही हेच. मग साध्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. फिनाईल किंवा संडास धुण्याचं ॲसिड यात कधीही मिसळू नका. ॲसिडमुळे विषारी वायू निघतो. पोरं आणि ढोरं लांब ठेवून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून हे काम करा.

टोपलं, पोतं, गोधडीचे तुकडे, लाकडी फळी जाळून टाका. त्यांच्या फटींतून काही निघत नाही.

आता खरी अडचण. आपल्याकडं अंगण मातीचं. मातीवर ब्लीचिंग टाकून उपयोग होत नाही, वर सांगितलं त्याच कारणानं. आम्ही हौदामागची वीतभर माती खरवडून काढली, लांब खड्ड्यात पुरली, हौदावरची वेलाची सावली तोडली आणि एक अख्खा उन्हाळा ती जागा उघडी तापू दिली. एप्रिल-मेचं विदर्भाचं ऊन या कामी येतं. कोरडेपणा आणि कडक उन्हानं विषाणू लवकर मरतो, सावलीत तो टिकतो. तरीही पुढचं पिल्लू आम्ही त्या जागी ठेवलं नाहीच.

वय आणि इंजेक्शन

पहिलं पिल्लू माझ्या लहान भावानं मामाच्या गावाहून एस्टीनं आणलं होतं, शर्टाच्या आत, पोटाशी धरून. पंचवीस दिवसांचं असेल. डोळे उघडले, तुरुतुरु चालायला लागलं, म्हणजे आणण्याजोगं झालं असं आपण धरतो. डोळे तर दहा-चौदा दिवसांतच उघडतात. पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. दूध, ऊब, भावंडांसोबत खेळताना किती जोरानं चावायचं याचं शिक्षण, सगळं त्यात येतं.

देणारा "दोन महिन्यांचं आहे" म्हणाला तर ओठ उचलून पाहा. हिरड्या गुळगुळीत असतील तर तीन आठवड्यांच्या आतलं. पुढून सुईच्या टोकासारखे दात नुकतेच डोकावत असतील तर महिन्याचं. समोरचे दात, सुळे आणि मागच्या दाढा असे सगळे बारीक दात आलेले असले की आठ आठवड्यांच्या आसपास. अंगठ्यानं हिरडी हलकी दाबून सोडा. पांढरी झालेली जागा लगेच गुलाबी व्हायला हवी. मुळातच फिक्की असेल तर रक्त कमी आहे.

तिसऱ्या पिल्लाला आम्ही आणल्याच दिवशी इंजेक्शन दिलं होतं, तरी ते गेलं, आणि "इंजेक्शननं काही होत नाही" असं गावात झालं. दोन गोष्टी होत्या. एक, लस दिल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. आमचं पिल्लू चौथ्याच दिवशी आजारी पडलं. दुसरी जरा किचकट आहे. आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं, ते लहान वयात लसीलाच निष्प्रभ करतं. ते संरक्षण कोणत्या पिल्लात सहाव्या आठवड्यात संपतं, कोणत्यात चौदाव्या. बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून एका इंजेक्शनवर कधीच थांबायचं नाही. सहा-आठ आठवड्यांचं असताना पहिलं, मग दर तीन-चार आठवड्यांनी एक, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. यातला शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधी झाला असेल तर आणखी एक द्या. तीन महिन्यांचं झालं की रेबीजचं वेगळं. वर्षानं पुन्हा. दुकानात "सेव्हन इन वन" किंवा "नाइन इन वन" म्हणून जी मिळते तीत पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा दुसरा एक जीवघेणा विषाणूचा रोग) दोन्ही येतात.

लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. तालुक्याहून घेऊन खिशात टाकायची, वाटेत लग्नघरी जेवायचं आणि संध्याकाळी टोचायची, असं आमच्याकडं सर्रास होतं. मे महिन्यात खिशातलं तापमान काय असेल? थर्मासमध्ये बर्फ घेऊन जा, बाटली कापडात गुंडाळून ठेवा, बर्फाला थेट चिकटू देऊ नका, कारण गोठूनही काही लसी खराब होतात. जमलं तर पिल्लूच दवाखान्यात न्या, पण तिथं जमिनीवर सोडू नका. आजारी कुत्री त्याच फरशीवर बसून गेलेली असतात. मांडीवरच ठेवा.

वाघ्याला आम्ही तीन महिन्यांचा असताना आणलं, दोन इंजेक्शनं त्याच्या आईच्याच घरी झालेली. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत तो स्लॅबवरच्या खोलीत राहिला. तुराट्यांचं कूड घालून अर्धा स्लॅब त्याला दिला. वर जाणाऱ्यानं चपला जिन्याखाली काढायच्या, हा नियम आजीनं सगळ्यात कडक पाळला. शेजारची पोरं त्याला बघायला आली तर ती आधी त्यांचे पाय धुवायला लावायची.

पिल्लू आजारी पडलंच असेल तर

वाट पाहू नका. खाणं सोडलं आणि ओकलं, की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. विषाणूला थेट मारणारं, सहज मिळणारं औषध नाही. पिल्लू मरतं ते अंगातलं पाणी जाऊन आणि फाटलेल्या आतड्यांतून जंतू रक्तात शिरून. म्हणून सलाईन, ओकारी थांबवायचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक, चार-पाच दिवस रोज, हाच उपचार. वेळेवर मिळाला तर पुष्कळ पिल्लं वाचतात. सकाळी एक सलाईन लावून संध्याकाळी शेपूट हलवलं म्हणून दुसऱ्या दिवशी नेलं नाही, ही चूक आम्ही दुसऱ्या पिल्लाला केली आणि ती मला अजून छळते.

मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसली नाही, तंबूसारखी उभी राहिली, तर पाणी फार कमी झालंय. ओकारी चालू असताना तोंडानं दूध, ओआरएस, काहीही जबरदस्तीनं पाजू नका. अंगाला ऊब द्या, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटाशी ठेवा. अगदीच लुळं पडलं असेल तर गुळाचं घट्ट पाणी बोटानं हिरडीला चोळा आणि निघा. माणसाची जुलाब थांबवायची गोळी नको. तापाची, अंगदुखीची गोळी तर नकोच. आयबुप्रोफेन कुत्र्याला विष आहे.

गावात डॉक्टर नसतील तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मिळते. अवघड केस असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था, दोन्हीकडं दवाखाना आहे.

पिल्लू वाचलं तरी बरं झाल्यावर काही आठवडे त्याच्या विष्ठेतून विषाणू पडत राहतो. महिनाभर वेगळंच ठेवा. आणि गेलं, तर उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका. खोल खड्ड्यात, वर ब्लीचिंग टाकून पुरा. नाल्यात टाकलेलं मढं गावातलीच कुत्री ओढत आणतात.

बाकीचं थोडक्यात

जंत पिल्लाला आईच्या पोटातून आणि दुधातून येतात. ते स्वच्छ घरातलं असो की उकिरड्यावरचं, त्यानं फरक पडत नाही. दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर दोन आठवड्यांनी आठ आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला जंताचं औषध, वजन करून. आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं.

गोचीड हातानं काढा, चिमट्यानं, मुळाशी धरून, आणि रॉकेलच्या वाटीत टाका. नखांवर चिरडू नका. ढोरांच्या गोचिडांचं औषध किंवा कपाशीवर मारायचं औषध पाण्यात टाकून पिल्लाला आंघोळ घालणारे लोक मी पाहिले आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना धट्टीकट्टी माणसं दगावली. ते औषध दीड किलोच्या जिवाच्या अंगावर ओतायचं आणि वर ते अंग चाटणार, हे होऊ देऊ नका.

दूध हा मोठा गैरसमज आहे. गाई-म्हशीच्या भरपूर दुधानं पिल्लांना हगवण लागते, मग घरचे घाबरतात आणि पार्व्हो समजून बसतात. ही हगवण पातळ असते, पण पिल्लू खेळतं, खातं, ओकत नाही. दूध बंद केलं की एक-दोन दिवसांत थांबते. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या: कोमट पाण्यात कुस्करलेली भाकर किंवा मऊ भात आणि त्यात उकडलेलं अंडं. मसाला नको, कांदा नको, कोंबडीची हाडं नको. आई मेलेलं अगदी लहान पिल्लू असेल तर पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते. ती पाजताना पोरं त्याला बाळासारखं उताणं धरतात. दूध छातीत जातं आणि पिल्लू गुदमरतं. पोटावर, पालथं ठेवूनच पाजा.

पहिल्या दोन-तीन रात्री ते रडणारच. आईजवळचं एखादं फडकं सोबत आणा, थंडीत खाली बारदान आणि कोरडा कडबा घाला, आणि तुमची खाट जवळ ओढा. चौथ्या रात्री झोपतं.

खेळताना पोरांना दात लागला, ओरखडा आला, तर "लहानच तं आहे" म्हणून सोडू नका. पिल्लालाही रेबीज होतो. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथं लस मोफत मिळते.

आमच्या ओसरीच्या दारामागं खडूनं तारखा लिहिल्या आहेत: वाघ्याचं इंजेक्शन, जंताचं औषध, पुढची तारीख. आजीला वाचता येत नाही, पण महिना फिरला की ती त्या दारापाशी उभी राहून विचारते, "यंदाचं झालं का त्याचं?"